दोराच्या टोकाच्या 'व्हिपिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

लाटवेडा:
मुलांना शिडाची होडी शिकवतो त्यासाठी छोटी मराठी पुस्तिका लिहितोय. ऑप्टिमिस्ट होडी, लांबी अडीच मीटरसुद्धा नाही, १५ वर्षांपर्यंतची पोरं एकेकटी चालवतात. आमच्याकडची बरीचशी मुलं कोळीवाड्यातली, मराठी शाळेतली. सगळं नीट चाललं होतं आणि 'व्हिपिंग'पाशी गाडी अडली. म्हणजे दोराचं टोक उसवू नये म्हणून मेण लावलेल्या दोऱ्याचे घट्ट वेढे देतात ना, ते. यंत्राकडून भाषांतर करून बघितलं तर 'टोकांना चाबकाने मारा' असं आलं. मग मी 'टोक आवळून घ्या' लिहिलं, तर आमच्या तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य) ते खोडलं. म्हणाले, होडीत 'आवळ' म्हटलं की पोरगं दोर खेचणार आणि भलत्या वेळी शीड ताणलं जाणार. पटलं मला. दुसरा चालता शब्द आहे का कुणाकडे?

शब्दसई:
आधी एक दुरुस्ती. शिवण उसवते, दोर उसवत नाही. दोराचा पीळ सुटतो, पेड उकलतात. कापड विरतं, कापूस पिंजतात. मराठीत प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे, मुलांच्या पुस्तकात तरी ते जपा. आणि शब्द हवाच असेल तर 'अग्रबंध' घ्या, अर्थ लगेच कळतो.

खाडीपल्याड:
सईताई, आमच्याकडे सर्रास 'दोर उसवला' म्हणतात. आजीही म्हणायची आणि ती शाळेत गेलेली नव्हती, म्हणजे पुस्तकातून बिघडलेली भाषा नाही ही. अग्रबंध वाऱ्यात ओरडून सांगून बघा एकदा. होडीवरचा शब्द दोन अक्षरी, फार तर तीन.

शब्दसई:
दिनांक, महापौर हे सावरकरांचे शब्दसुद्धा सुरुवातीला जडच वाटले असतील, आज कुणाला टोचतात? वापरलाच नाही तर रुळणार कसा?

काथ्याकूट_अलिबाग:
अहो पण गरजच काय? दोरा बिरा गुंडाळत कोण बसतं आता. 'टोक जाळून घे' म्हणतात सगळे, लायटर लावला, ओल्या फडक्यात धरून दाबलं, झालं. क्रिया पण आली नि शब्द पण आला.

लाटवेडा:
दादा, जाळणं मीही करतो पण तेवढ्यावर सोडत नाही. पॉलिप्रॉपिलीनचा दोर १६५ अंशांच्या आसपास वितळतो, पॉलिएस्टरला अडीचशेच्या वर लागतं, आणि थंड झाल्यावर जो कडक गोळा होतो त्याची धार हाताला लागते. दोर झरझर हातातून सुटताना दहा वर्षांच्या मुलीचा तळवा कापलेला मी बघितलाय, म्हणून या पानाला इतका चिकटून बसलोय. शिवाय कप्पीतून जाऊन जाऊन, शीड फडफडताना आपटून तो गोळा तडकतो आणि मग पीळ सुटायचा तो सुटतोच. सुती किंवा काथ्याचा दोर तर वितळतच नाही, नुसता जळतो.

काथ्याकूट_अलिबाग:
हे मान्य. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, नायलॉनचं नेमकं उलटं.

मधली आळी:
'पीळ जात नाही' अशी आहे म्हण. सुंभ जळतो पण पीळ जात नाही.

काथ्याकूट_अलिबाग:
आमच्याकडे जळत नाही असंच म्हणतात.

मधली आळी:
दोन्ही असतील, पण 'जात नाही'मध्ये अर्थ जास्त आहे, राखेतसुद्धा वळ दिसतो ना तसाच. बरं मूळ प्रश्नाकडे येते. आजोबांच्या काठीच्या टोकाला पितळेची टोपी होती, तिला घरात 'शेंबी' म्हणायचे. टोक झिजू नये, चिरू नये म्हणून. काम तेच आहे की! 'दोराला शेंबी घाल.' दोऱ्याची शेंबी.

खाडीपल्याड:
वा, शेंबी मस्त. मुसळाला असते ती पण शेंबीच ना?

मधली आळी:
मुसळाची ती सांब.

शब्दसई:
आमच्याकडे वसवी. शेंबी फक्त काठीला. आणि शेंबी ही वस्तू आहे, वरून बसवतात. इथे दोऱ्याचे वेढे आहेत, कृती आहे. लाटवेडा, वेढे नेमके कसे घालता ते सांगाल? त्यातूनच क्रियापद सापडेल.

लाटवेडा:
साधी पद्धत अशी की दोऱ्याची एक घडी दोराच्या अंगावर लांबीच्या दिशेने ठेवायची, तिच्यावरून पिळाच्या उलट दिशेने टोकाकडे घट्ट वेढे देत जायचं, उरलेलं टोक घडीत ओवायचं आणि दुसरं टोक ओढलं की घडी वेढ्यांखाली शिरते. रुंदी दोराच्या जाडीएवढी किंवा दीडपट, म्हणजे १० मिमीच्या दोराला १० ते १५ मिमी. पण यात एक वेढा तुटला की सगळं सुटतं, म्हणून मुलांना मी दुसरी शिकवतो, दर अर्ध्या वेढ्याला एकदा पुढून एकदा मागून साधी गाठ. एखादी गेली तरी बाकीच्या धरून ठेवतात. आणि सगळ्यात टिकाऊ ती सुईची, पेडांमधून सुई काढून पिळाच्या खाचेतून दोरा वर नेतात.

शब्दसई:
मग हे वेठणं झालं, नाहीतर सरळ 'वेढणं'. 'टोक वेढून घे.'

खाडीपल्याड:
वेढलं तर किल्ल्याला 😀 व्हिपिंगच ठेवा की हो. दर्यावर शुद्ध काय आहे? बंदर फारसी, नांगर फारसी लंगर, सुकाणू अरबी, नाखवा म्हणजे फारसी नाखुदा, जहाजाचा कप्तान. आपल्या लोकांनी जो शब्द डेकवर ऐकला तो घेतला आणि कोळीवाड्यात नेऊन आपला केला. त्यांची पोरं व्हिपिंग पण आपलं करतील.

शब्दसई:
त्यांनी वळवून घेतले, जसेच्या तसे नाही. नाखुदाचा नाखवा झाला. तुम्ही तर व्हिपिंगला हातही लावत नाही आहात.

दक्षिणवाडा:
मी विणकामवाली, समुद्राचं काही कळत नाही. पण टोकाला सुटलेल्या धाग्यांना 'दशा' म्हणतात ते कुणीच कसं लिहिलं नाही? उपरण्याच्या दशा, पदराच्या दशा. दोराच्याही दशाच निघतात. संस्कृतात दशा म्हणजे वस्त्राची किनार, दिव्याची वातसुद्धा. मला कायम वाटत आलंय की दुर्दशा हा शब्द यातूनच आला, फाटक्या दशांचा माणूस.

मधली आळी:
अवस्था या अर्थाची दशा वेगळी असावी.

दक्षिणवाडा:
कोशात एकाच नोंदीखाली दोन्ही अर्थ आहेत, किनार पण आणि अवस्था पण. बघा काढून.

शब्दसई:
एका नोंदीत आहेत म्हणून एकातून दुसरा आला असं होत नाही. पण दशा शब्द फार चांगला आठवलात, आमच्यात एकवचन दशी करतात.

काथ्याकूट_अलिबाग:
दशी म्हणजे सुतळीचा तुकडा ना?

दक्षिणवाडा:
नाही, एकच सुटा धागा.

लाटवेडा:
दशा घेतो. 'टोकाला दशा निघू नयेत म्हणून' एवढं वाक्य पक्कं झालं. पुढच्या अर्ध्या वाक्यात सध्या शेंबी टाकलंय, रविवारी पोरांपुढे वाचून बघतो. काका 'शेंबी' ऐकून म्हणाले, त्यांचे वडील लग्गीच्या टोकाला बसवायचे त्यालाही काहीतरी नाव होतं, आठवलं की सांगतो.

खाडीपल्याड:
लग्गी म्हणजे पाण्यात रेटायची काठी की आंबे काढायची?