कांदा हेसुद्धा परराष्ट्र धोरणच आहे

परराष्ट्र धोरण बघून आपल्याकडे कुणी मत देत नाही, असं बरेच जण म्हणतात. भाषणांपुरतं ते खरं असेल, पण कांद्याचं काय? मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात निर्यातीचा माल बघतो. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी लागू झाली तेव्हा न्हावा शेवा बंदराकडे निघालेले आमचे कंटेनर वाटेतच अडकले. माल परत आणून गोण्या सोडल्या तर बराचसा कांदा पाणी सुटलेला, राहिलेल्याला कोंब. बंदी उठली ती ऐन निवडणुकीत, 4 मे 2024 ला, आणि तीही 40 टक्के शुल्क लावून. नाशिकच्या कांदापट्ट्यातल्या दिंडोरीत तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या. एकट्या कांद्यामुळे पडल्या असं मी म्हणणार नाही, पण लासलगाव-पिंपळगावकडचे शेतकरी आमच्याशी फोनवर दुसरं काही बोलतच नव्हते.

शेजारी देशांची बाजू तर या चर्चेत कुणी मांडतच नाही. सप्टेंबर 2019 मध्येही अशीच अचानक बंदी आली होती. त्यानंतर काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत जाहीरपणे म्हणाल्या की आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. बांगलादेश तेव्हा आपलं मोठं गिऱ्हाईक होतं. 2024 ला बंदी चालू असतानाच त्यांना 50,000 टन आणि यूएईला 14,400 टन कांदा द्यायला सरकारने परवानगी दिली. कुठल्या देशाला द्यायचा हे दिल्लीत ठरत होतं, मग हे परराष्ट्र धोरण नाही तर काय? आमचा दुबईचा जुना खरेदीदार त्या काळात पाकिस्तानी कांद्याकडे वळला, तो अजून पूर्णपणे परत आलेला नाही.