विंडोज ११ मध्ये लिनक्सचं फोलिएट चालवतोय, मराठी पुस्तकांत नुसते चौकोन

उपद्व्यापी:
मंडळी, जुना उबुंटूवाला लॅपटॉप गेला, आता घरात एकच मशीन आणि त्यावर विंडोज ११. ईपब वाचायला मी फोलिएट वापरायचो, सगळ्या नोट्स आणि हायलाइट्स त्यातच आहेत, म्हणून डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकून त्यात उबुंटू आणि त्यात फोलिएट घेतलं. आधी तर 'डिस्प्ले उघडता येत नाही' म्हणून उघडेचना, शेवटी वैतागून बॅशआरसी फाइलमधली (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) डिस्प्लेची ओळ उडवली तेव्हा चालू झालं, का ते माहीत नाही. आता खिडकी येते पण मराठी पुस्तक उघडलं की पानभर चौकोन, मेनूची अक्षरं मुंगीएवढी (स्क्रीन १५० टक्क्यांवर आहे), आणि शोधायच्या चौकटीत मराठी टाइपच होत नाही, विंडोजचा मराठी कीबोर्ड निवडला तरी ढिम्म. विंडोजमध्ये तर मराठी मस्त दिसतं, मग इथेच काय होतंय?

चहाबाज:
एवढा आटापिटा कशाला रे, विंडोजवर थोरियम रीडर टाक, फुकट आहे, दोन मिनिटांत काम.

उपद्व्यापी:
नोट्सचं काय करू मग? फोलिएट त्या स्वतःच्या जेसन फाइलीत ठेवतं, थोरियमला त्यातलं काही कळणार नाही.

टर्मिनलवाली:
ती डिस्प्लेची ओळ २०२१ च्या आधीच्या कुठल्यातरी ट्युटोरियलमधली असणार. तेव्हा विंडोजवर लिनक्सच्या खिडक्या दाखवणारं व्हीसीएक्ससर्व्हर किंवा एक्स४१० वेगळं चालवायला लागायचं आणि लिनक्सला त्याचा पत्ता हाताने द्यायला लागायचा. आता डब्ल्यूएसएलजी आहे (डब्ल्यूएसएलमधला खिडक्या दाखवणारा भाग), ते पत्ता आपोआप भरतं, तू जुना दिलास की ॲप बिचारं तिकडे जाऊन दार वाजवत बसतं.

बाकीच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. खिडकी विंडोजची वाटते पण ॲप चालतंय एका छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, तिथे लिनक्सचा स्वतःचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) आहे, वेस्टन नावाचा कंपोझिटर चित्र तयार करतो आणि ते रिमोट डेस्कटॉपच्याच प्रोटोकॉलने तुझ्या स्क्रीनवर येतं. म्हणजे अक्षरं तिकडेच काढली जातात, तुझ्या विंडोजमध्ये निर्मला फॉन्ट असो नाहीतर मंगल, उबुंटूला त्याचा पत्ता नाही. ॲप्टने (उबुंटूत सॉफ्टवेअर टाकायची कमांड) नोटो कोअर नाहीतर लोहित देवनागरी हे फॉन्ट टाक, फॉन्टची यादी ताजी करायला एफसी-कॅश चालव, फोलिएट बंद करून उघड, चौकोन जातील.

गावठाण:
विंडोजचेच फॉन्ट हवे असतील तर फॉन्टकॉन्फिगच्या (लिनक्समध्ये फॉन्ट शोधून देणारी व्यवस्था) लोकल फाइलमध्ये सी ड्राइव्हमधल्या विंडोज फॉन्ट फोल्डरचा पत्ता द्यायचा, कॉपी करायची गरज नाही. फक्त पहिल्यांदा कॅश बनताना वेळ खातो, सी ड्राइव्ह तिकडून वाचणं मुळातच स्लो आहे. आणि नोटो टाकूनही ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर फॉन्टला शिव्या घालू नकोस, ईपबमध्ये भाषेचा कोड मराठीचा दिलाय का ते बघ, कित्येक पुस्तकांत हिंदी नाहीतर चक्क इंग्रजी ठोकलेलं असतं.

टर्मिनलवाली:
हो, हे राहिलंच होतं.

मुंगीचं सांगते. डब्ल्यूएसएलजी मुळात १००, २०० असे पूर्ण आकडेच पाळतं, १५० ला खाली ओढून १०० करतं. वेस्टनला अपूर्णांकातलं स्केलिंग चालू करायचं एक सेटिंग आहे, ते डब्ल्यूएसएलजीकॉन्फिग फाइलमध्ये जातं, आकार बरोबर येतो पण चित्र ताणल्यामुळे अक्षरं जरा भुरकट होतात, मला तरी डोळ्यांना त्रास होतो. त्यापेक्षा जीसेटिंग्ज या कमांडने टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर दीड कर, फोलिएटसारख्या, जीटीके वापरून बनवलेल्या ॲप्सना पुरतं, अक्षरं धारदार राहतात. आयकॉन बारीक राहतील, राहू देत.

कीबोर्डचंही तेच, विंडोजचं मराठी टायपिंग त्या खिडकीत पोचेल याचा भरवसा नाही. उबुंटूच्या आत टायपिंगसाठी आयबस नाहीतर एफसीआयटीएक्स५ आणि सोबत एम१७एन (वेगवेगळ्या भाषांच्या कीबोर्डांचा संच) टाक, त्यात मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आहे.

चहाबाज:
किंवा नोटपॅडमध्ये टाइप कर आणि पेस्ट कर, क्लिपबोर्ड दोन्हीकडे एकच आहे 😄

उपद्व्यापी:
चौकोन गेले! पुस्तकाच्या भाषेचा कोड खरंच इंग्रजी निघाला, कॅलिबर या ई-पुस्तकांच्या ॲपमध्ये बदलला आणि श एकदम आपला झाला. दीडचं सेटिंगही छान बसलं. आयबस मात्र दर वेळी हाताने चालू करावं लागतंय, तोवर चहाबाजांचं नोटपॅड झिंदाबाद. आता एक नवीनच, मधूनच एखादं पुस्तक उघडलं की खिडकी पूर्ण पांढरी, मजकूरच नाही.

गावठाण:
ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं आहे का? फोलिएट पान दाखवायला वेबकिट (ब्राउझरचं इंजिन) वापरतं आणि त्याचा डीएमए-बफवाला रेंडरर (चित्र काढणारा भाग) डब्ल्यूएसएलमध्ये कधीकधी रुसतो. तो बंद करायचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (टर्मिनलमधून द्यायचं सेटिंग) आहे, त्याची किंमत १ करून फोलिएट टर्मिनलवरून उघडून बघ. तरीही पांढरंच राहिलं तर टर्मिनलमध्ये काय एरर येतात ते इथे टाक.