उन्हात कोब्यावर टाकलेलं केमिकल चार मिनिटांत वाळतं, पांढरे पट्टे राहतात. काय करू?

कार्यालयवाली (अकोला)

नमस्कार. अकोल्याजवळ आमचं छोटं मंगल कार्यालय आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, गेली सहा वर्षं मी बघते. हॉल, खोल्या, लॉन सगळं रांगेला लागलंय. राहिलंय ते मागचं अंगण, जिथे आचारी भट्ट्या मांडतात. ४० बाय ३० फुटांचं ट्रिमिक्स केलेलं (जादा पाणी यंत्राने ओढून घोटलेलं) काँक्रीट आहे, मध्ये जॉइंट कापलेले, त्यामुळे चौकोन पडलेत. पुऱ्यांची कढई असते त्या कोपऱ्यात तेल इतकं मुरलंय की अनवाणी उभं राहिलं तर तळवे चिकटतात.

मागच्या लग्नात वाढपातली एक बाई डाळीची बादली घेऊन तिथेच घसरली. डाळ कोमट होती म्हणून वाचली. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सफाईच्या दुकानातून तेल काढायचं केमिकल आणलं, ५ लिटरचा कॅन. वर लिहिलंय, एका भागाला दहा भाग पाणी, १० ते १५ मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, घासून धुवा.

अडचण त्या ‘वाळू देऊ नका’चीच आहे. वऱ्हाड मार्गी लागून भांडी उचलेपर्यंत ११ वाजतात. त्या वेळी टाकलं तर घड्याळ लावून पाहिलं, चार मिनिटांत जमीन कोरडी. घासायला खराटा घेईपर्यंत फेस गायब, आणि मागे पांढरे पट्टे. जोर कमी पडतोय असं वाटून मी एकाला पाच केलं, तर पट्टे आणखी दाट आले आणि तेल तिथल्या तिथे. दुकानदार म्हणतो अजून टाका. मला ते पटत नाही.

बोअरला पाणी कमी आहे, टँकर मागवावा लागतो, तेव्हा पाणी ओतत राहणंही जमणार नाही. लग्नसराईत दोन लग्नांमध्ये कधी एकच दिवस मिळतो. मे महिना संपेपर्यंत थांबायची माझी तयारी नाही. ज्यांनी हे उन्हात केलंय त्यांनी सांगा.

पंपावरचा (भुसावळ)

ताई, मी पेट्रोल पंपावर १४ वर्षं आहे, आमच्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. तुमचं केमिकल खराब नसावं, वेळ चुकतेय. ११ वाजता जमिनीला हात लावून बघा. तळवा टेकवून पाच आकडे मोजता येत नसतील तर त्यावर काहीच टाकायचं नाही.

आम्ही पहाटे साडेचारला सुरू करतो आणि साडेसातच्या आत आवरतो. पूर्ण आवारात एकदम केमिकल मारत नाही. तुमच्याकडे जॉइंट कापलेले आहेत हे फार चांगलं. एक चौकोन घ्या, तो भिजवा, केमिकल टाका, घासा, धुवा, मग दुसरा. दोन माणसं हवीत. एक घासेल, दुसरा हातात साध्या पाण्याचा फवारा घेऊन उभा राहील. कडा आधी वाळतात, चमक गेली की तिथे बारीक तुषार मारायचा. धार नाही, नाहीतर केमिकलच वाहून जाईल.

शेतातला पाठीवरचा पंप चालतो, पण तणनाशकाचा पंप आणू नका. तुमच्या लॉनची वाट लागेल. वेगळा घ्या.

आणि एक तपासून बघा. जिथे केमिकल पडलेलंच नाही अशा जागी बोअरचं नुसतं पाणी ओता आणि उन्हात वाळू द्या. तिथेही पांढरं आलं तर तो क्षार पाण्यातला आहे. आमच्याकडे निम्मा पांढरेपणा त्याचाच निघाला होता.

नवा सदस्य

एवढा खटाटोप कशाला? बाथरूमचं ॲसिड मारा, वर ब्लीचिंग पावडर टाका, दहा मिनिटांत लख्ख. आम्ही गच्चीवर असंच करतो.

साइटवाले काका (नागपूर)

वरचा सल्ला कृपया कोणीही वापरू नका. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो फुफ्फुसं जाळतो, उघड्या अंगणातसुद्धा. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिवशीही तिथे वापरायच्या असतील तर मध्ये भरपूर धुवून घ्या. शिवाय ॲसिड तेलाचं काही करत नाही. ते सिमेंट खातं. तेलाच्या थराखाली पोचतच नाही आणि जिथे तेल नाही तिथला कोबा खरबरीत करून ठेवतं, मग पुढच्या लग्नाचं तेल आणखी खोल जातं.

आता ताई, तुमच्यासाठी. मी ३० वर्षं काँक्रीटच्या कामावर काढली. त्यावरून सांगतो, केमिकलकडे नंतर बघू, आधी कोब्याकडे बघा. तो दोन प्रकारे तुमचं केमिकल पळवतो. एक तर तापलेला असतो, म्हणून वरून वाफ होते. दुसरं, तो कोरडा असतो, म्हणून खालून पितो. चार मिनिटांत जे गायब झालं त्यातलं बरंचसं हवेत गेलंच नाही, छिद्रांत गेलं. सोबत तेलही थोडं आत घेऊन गेलं. एकाला पाच केल्यावर पट्टे वाढले ते म्हणूनच. पाणी उडालं, आणि त्यात विरघळलेलं सगळं तिथेच बसलं. अशा केमिकलमध्ये बहुधा कॉस्टिक किंवा तसलाच क्षार असतो. कॉस्टिक वाळलं की हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडने त्याचा धुण्याचा सोडा होतो, पांढरा दिसतो. तो पाण्यात विरघळतो, घाबरू नका. पण कॅनवर सिलिकेट लिहिलं असेल तर मात्र जपा. ते एकदा कडक वाळलं की काचेसारखा थर धरतं आणि मग सहज निघत नाही.

म्हणून आधी नुसतं पाणी. भिजवा, पिऊ द्या, पुन्हा भिजवा. छिद्रं पाण्याने भरलेली हवीत, पण वर डबकं नको. डबकं असेल तर वायपरने ओढून टाका, नाहीतर केमिकल पातळ होईल. रंग गडद, पृष्ठभाग ओलसर, पण पाणी चमकत नाही, अशी वेळ आली की केमिकल टाकायचं.

पाण्याची चिंता तुम्ही लिहिलीत, त्याचा हिशोब करून देतो. तुमचं अंगण साधारण ११० चौरस मीटर. एका चौरस मीटरला एक लिटर धरलं तर एका फेरीला ११० लिटर, तीन फेऱ्यांना ३३०. ५,००० लिटरच्या टँकरमध्ये हे काहीच नाही. आणि हे पाणी वाया जात नाही. कोब्याचे वरचे ५ सेंटिमीटर म्हणजे चौरस मीटरला सुमारे १२० किलो काँक्रीट. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना एवढी उष्णता ओढतं की हिशोबाने तेवढं काँक्रीट २० अंशांहून जास्त उतरावं. ऊन आणि खालचा तापलेला भराव मध्ये येतात, म्हणून प्रत्यक्षात कमी उतरतं, पण उतरतं. आपल्याकडे कूलर जितका गार करतो तितका कोकणात करत नाही. त्याच कोरड्या हवेचा हा फायदा, आणि तुमचं केमिकल पळवणारीही तीच.

संध्याकाळी करू नका. सूर्य मावळला तरी दिवसभराची ऊब स्लॅबच्या पोटात असते, रात्री ९ वाजतासुद्धा अंगणात चटई टाकून झोपवत नाही हे तुम्हाला माहीत आहे. सर्वांत गार वेळ उजाडण्याच्या जरा आधीची. आदल्या रात्री झोपण्यापूर्वी एक फेरी पाणी मारून जुनी ओली पोती अंथरा, स्लॅबच्या क्युरिंगला टाकतो तशी. पहाटे पोती उचला, एक फेरी पाणी आणि कामाला लागा.

मस्कतहून

इथे इमारतींची देखभाल बघतो, मूळ गाव चिपळूण. काकांनी लिहिलंय त्यात वाऱ्याची भर घालतो. तापमान तेच असलं तरी वारा सुटला की वाळण्याचा वेग खूप वाढतो. आम्ही वाऱ्याच्या बाजूला कापडाचा आडोसा उभा करतो. समुद्रावरून दमट हवा येते त्या रात्री तेच केमिकल निवांत ओलं राहतं, आणि वाळवंटाकडचा कोरडा वारा आला की फवारा हातातून खाली ठेवता येत नाही.

तुमच्याकडे शेडनेट सहज मिळेल, नर्सरीवाले लावतात ती हिरवी जाळी. आदल्या दुपारीच त्या कोपऱ्यावर ताणून ठेवा. ऊन थेट पडलंच नाही तर पहाटेचं काम सोपं होतं.

कढईचा जो कोपरा आहे तिथे नुसत्या धुण्याने भागेल असं वाटत नाही. तिथे लेप लावा. मुलतानी माती त्याच पातळ केलेल्या केमिकलमध्ये श्रीखंडाइतकी घट्ट कालवा, बोटभर जाड थापा, वर प्लास्टिक टाकून कडांवर विटा ठेवा. रात्रभर झाकलेलं राहील, उन्हाचा प्रश्नच नाही. सकाळी प्लास्टिक काढा आणि आता मात्र वाळू द्या. माती वाळताना तेल वर ओढते. मग लाकडी फळीने खरवडायचं. तारेचा ब्रश नको, त्याचे तुकडे राहतात आणि पावसात गंजाचे ठिपके उठतात.

घासणाऱ्यांना रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा द्या. त्या कपड्यांत उन्हात माणूस लवकर चक्कर येऊन पडतो. दर अर्ध्या तासाने सावलीत बसवून पाणी पाजा.

कार्यालयवाली (अकोला)

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅनवरची बारीक अक्षरं सुनेकडून वाचून घेतली, सिलिकेट नाही. बोअरच्या पाण्याची परीक्षाही केली. दादा, तुमचं बरोबर निघालं, दोन तासांत तिथेही पांढरी रांगोळी. म्हणजे शेवटचं धुणं टँकरच्या पाण्यानेच करते.

काका, एक विचारायचं आहे. जुन्या पांढऱ्या पट्ट्यांचं काय करू? आणि हे पाणी लॉनकडे उतरतं, तिकडे गेलं तर?

साइटवाले काका (नागपूर)

पट्ट्यांवर आधी ओली पोती रात्रभर. सोडा असेल तर सकाळी घासल्यावर निघेल. बोअरचा क्षार असेल तर तो पाण्याने जाणार नाही, त्याला लिंबूसत्त्व, १० लिटरच्या बादलीत २०० ग्रॅम, आधी एका कोपऱ्यात वीतभर जागेवर करून बघा. तेही वाळू द्यायचं नाही. आणि तेल काढून, धुवून झाल्यावरच. जास्त वेळ ठेवू नका, तेही सिमेंटला थोडं खातंच.

लॉनकडच्या बाजूला मातीचा किंवा वाळूच्या पोत्यांचा बांध घाला, पाणी वायपरने एका जागी गोळा करा आणि भुशात जिरवा. झाडांच्या आळ्यात किंवा बोअरच्या आसपास जाऊ देऊ नका.

कार्यालयवाली (अकोला)

आठ दिवसांनी लिहितेय. परवा दिवस मोकळा मिळाला. आदल्या दुपारी शेडनेट बांधली, रात्री पाणी मारून ३० पोती अंथरली. पहाटे चारला आम्ही पाच जण अंगणात होतो. पोती उचलल्यावर मी पहिल्यांदा त्या काँक्रीटवर तळवा टेकवला तर माठाच्या बुडासारखा गार लागला. पोती निथळली ती जागा गडद दिसत होती, काकांनी सांगितलं तशीच.

केमिकल एकाला दहा, कॅनवर लिहिलंय तेवढंच. पहिला चौकोन १२ मिनिटं ओला राहिला. फवारा दोनदाच मारावा लागला. खराट्याखाली फेस चहाच्या रंगाचा झाला, म्हणजे तेल निघतंय हे डोळ्यांनी दिसलं. सव्वासातपर्यंत १२ पैकी ९ चौकोन झाले. दहाव्याच्या वेळी ऊन जाळीखालून तिरपं आलं आणि कडा वाळायला लागल्या, तेव्हा थांबवलं. आधी असते तर हट्टाने पुढे रेटलं असतं. उरलेले तीन पुढच्या मोकळ्या पहाटे.

कढईच्या कोपऱ्यात मुलतानीचा लेप दोन रात्री लावला. पहिल्या दिवशी खरवडलेली माती तपकिरी, तेलकट होती, दुसऱ्या दिवशी फिकट. काळा डाग पूर्ण गेलेला नाही, पण पाय चिकटत नाही. तिसऱ्यांदा लावणार आहे.

पाणी सगळं मिळून टँकरचा चौथा हिस्साही लागला नाही. जी बाई घसरली होती ती काल लग्नाला आली होती, चप्पल काढून त्या कोपऱ्यात चालून बघितलं तिने.