मोहाच्या झाडाखाली आग लावण्याच्या विषयावर गावातच नाटक बसवायचंय, कसं करावं?

कोवळं_पान
जोहार मंडळी. आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, गोंडी बोलणारं, सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. मार्चमध्ये मोह पडायला लागला की फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि मग ती आग जंगलात शिरते, त्यात मोहाचीच बारकी रोपं जळून जातात. म्हातारी झाडं भरपूर आहेत पण तरणं झाड शोधावं लागतं. ग्रामसभेत दरवर्षी विषय निघतो, पुढं काही होत नाही. आम्ही काही पोरंपोरी यावर नाटक करू म्हणतोय. मागं बाहेरच्या लोकांनी एक पथनाट्य केलेलं, सगळं शुद्ध मराठीत, आग लावणारा माणूस त्यात अडाणी आणि दारुडा, आमच्या आज्या अर्ध्यातून उठून गेल्या. तसलं आम्हाला करायचंच नाही. दंडारीच्या, म्हणजे आपल्या नाचगाण्याच्या लोकनाट्याच्या अंगानं जावं का साधं नाटक? आणि देव आणावेत का त्यात?

झाडीचा_शाहीर
भाऊ, खडी गंमत या आपल्या लोकनाट्यासारखं करा. स्टेज लागत नाही, लोक चारी बाजूंनी बसतात, ढोलकी असते आणि संवाद बरेचसे जागेवरच सुचतात, त्यामुळे समोरची आजी मधेच बोलली तरी तिला उत्तर देता येतं, उलट तिथंच खरी मजा येते. आग लावणाऱ्याला व्हिलन अजिबात करू नका. पहाटे टोपली घेऊन निघालेली बाई दाखवा, पाल्यात फूल दिसत नाही, विंचूकाट्याची भीती, वाकून वाकून कंबर गेलेली, उशीर झाला तर गुरं फुलं खाऊन टाकणार, मग ती काडी ओढते. तिची बाजू आधी पूर्ण मांडली की मगच ती तुमचं ऐकेल. नंतर खरीखुरी जाळी आणा आणि नाटकातच झाडाखाली बांधून दाखवा. जाळीवर पडलेलं फूल स्वच्छ राहतं, माती लागत नाही, वेचायला वेळ कमी लागतो, हे बायकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. आणि प्रयोग धान निघाल्यावर करा, मोह पडायच्या आधी. एप्रिलमध्ये करून काय उपयोग, तोवर जळून गेलेलं असतं.

डोंगरची_पोर
मी पालघरकडच्या मोखाडा भागातली. आमच्याकडे बोहाडा असतो, रात्री मशाली आणि संबळाच्या तालावर मुखवट्यांची सोंगं निघतात. कुठलं सोंग कुणाच्या घरचं हे ठरलेलं असतं, पूजा झाल्याशिवाय मुखवटा चढवत नाहीत, हवं त्यानं उचलला आणि नाचला असं चालत नाही. म्हणून देवांबद्दल एवढंच सांगते, आधी तुमच्या गायताला (गावच्या पुजाऱ्याला) आणि जाणत्यांना विचारा, ते नको म्हणाले तर विषय तिथंच सोडा. आणि कृपा करून देव कोपला म्हणून लोकांना घाबरवू नका. तुमच्याकडे पंडुम हे सण असतात ना, पंडुम झाल्याशिवाय नवं फळ, नवं फूल तोंडात घालायचं नाही? म्हणजे जंगलातून कधी काय घ्यायचं याचे नियम गावाचे आधीपासूनच आहेत. नाटक तिथून सुरू केलं तर कुणी बाहेरचा येऊन शिकवतोय असं वाटणारच नाही. माझं तर स्पष्ट मत आहे, जमीन सांभाळायची अक्कल आदिवासींना पथनाट्यातून देणं हा अपमान आहे, ती नाटकं आपणच करायची.

ग्रामसभा_आपली
वरचं सगळं पटलं, एक गोष्ट सोडून. सगळा भार मोह वेचणाऱ्या बाईवर टाकू नका, विडीच्या पानाच्या तेंदूला कोवळं पान यावं म्हणूनही आग लावली जाते, त्यात पैसा जास्त असतो. झुडपं बुडातून छाटली तरी पान येतं पण त्याला मजुरी लागते, ती कुणी द्यायची हा प्रश्न नाटकात आला पाहिजे, नाहीतर अर्धंच सांगितलं असं होईल. दुसरं, शेवट लिहूच नका. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ नुसार जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला आहेच, मग शेवटचा सीन म्हणजे खरी ग्रामसभाच भरवा, प्रेक्षकच सभासद. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा लेखा गावाला २००९ मध्ये साधारण १८०० हेक्टरचा हक्क मिळाला, तिथं निर्णय बहुमतानं घेत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलतात. तसं बोलू द्या, रात्र गेली तरी चालेल. जाळ्या कुणी आणायच्या, आग दिसली तर कोण धावणार, ते रजिस्टरात लिहून घ्या.

कोवळं_पान
सगळ्यांना जोहार, खूप कामाचं मिळालं. तेंदूचं डोक्यातच नव्हतं, तो भाग आता घेतोच. गायताकडे उद्याच जातो. एकच शंका, वनखात्याचे लोक पण बघायला येणार म्हणतात, त्यांच्यासाठी थोडं मराठी घालू का?

डोंगरची_पोर
नको. नाटक गोंडीतच करा, त्यांच्या शेजारी गावातलं एखादं पोर बसवा, ते सांगेल. आज्यांना शेवटपर्यंत बसावंसं वाटलं पाहिजे, त्या महत्त्वाच्या.