मदत हवी आहे: ट्रायथलॉनसाठी रोड बाईक, सातारा, बजेट 80 हजार

पाणी_चाक_पाय
नमस्कार मंडळी. आधी स्प्रिंट (ट्रायथलॉनचं छोटं अंतर) आणि मग पोहणं-सायकल-धावणं मिळून 1.9-90-21.1 किमीचं अंतर करायचं आहे. आत्ता हायब्रिड आहे. उंची 164 सेंमी, वजन 58. सराव आठवड्यातून एकदा यवतेश्वर-कास, बाकी मेढा रोड आणि कोरेगावकडे. तीन पर्याय समोर आहेत:

1) जुनी टीटी (टाइम ट्रायल) बाईक, फ्रेम साईज 54, पुढे 53/39 दाती, मागे 11-25 दाती
2) नवी अ‍ॅल्युमिनियम रोड बाईक, 8 स्पीड (मागे 8 चकत्या) शिमानो क्लॅरिस गिअर, 50/34, डिस्क ब्रेक
3) वापरलेली रोड बाईक, साईज 51, 10 स्पीड शिमानो टियाग्रा गिअर, 50/34, मागे 11-28, रिम ब्रेक (चाकाच्या कडेला पकडणारे)

ट्रायथलॉनच करायचं तर थेट टीटी का नको?

घाटवळण
ताई, टीटी सोडा. पहिलं कारण साईज. 164 ला 54 ची टीटी म्हणजे कोपर टेकायला पुढे लोळावं लागणार, आणि ते स्टेम (हँडल पकडणारा तुकडा) बदलून सुटत नाही.

दुसरं गिअर. 39/25 मध्ये पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 3.3 मीटर जाते. यवतेश्वरच्या चढावर ताशी 9 किमीला आलात की मिनिटाला जेमतेम 46 फेरे. गुडघ्यांचा भुगा. तेच 34/32 ला 67 फेरे पडतात.

तिसरं, केबलच्या टीटीवर गिअर एरोबारच्या (कोपर टेकून धरायच्या पुढच्या दांड्यांच्या) टोकाला आणि ब्रेक खालच्या हँडलला. उतारावर वळणात हात ब्रेकवर असताना गिअर बदलताच येत नाही. सपाट हायवेवरच्या शर्यतीला ठीक, कासहून उतरायला नाही.

स्पॅनर
वरच्याशी सहमत. 3 नंबर घ्या, पण दोन गोष्टी बघून.

मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा) छोट्या केजचा की लांब केजचा? केज म्हणजे त्याचा खाली लोंबणारा हात. छोट्यावर 28 च्या वर जाऊ नका. लांब केजवर बहुधा 11-32 बसते. कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलताना चेनही नवीनच टाका आणि लांबी नव्याने मोजा. जुनीच आखूड चेन ठेवून कोणी चुकून मोठी-मोठी जोडी (पुढची आणि मागची दोन्ही मोठ्यात मोठी चकती) लावली तर डिरेलर त्याला फ्रेमशी जोडणाऱ्या हँगरसकट उपटतो. हे फार वेळा होतं.

8 स्पीडला नावं ठेवत नाही, चेन-कॅसेट स्वस्त आणि धुळीत टिकाऊ. अडचण सपाटीवर येते. 8 स्पीडच्या 11-32 मध्ये बहुधा 15 नंतर थेट 18 दाती. ताशी 30 ला 50/15 मध्ये 71 फेरे, 50/18 मध्ये 86. 10 स्पीडच्या 11-32 मध्ये बहुधा 16 मिळते, म्हणजे 76. तीन तास एकाच लयीत बसायचं असेल तर हा फरक पायाला कळतो.

मेढा_रोड
रिम ब्रेकबद्दल मात्र माझं मत वेगळं. पावसाळ्यात यवतेश्वर उतरायचा तर डिस्कच बरी. ओल्या रिमवर पहिले एक-दोन फेरे ब्रेक नुसते पाणी पुसतात.

स्पॅनर
मान्य, पण केबलच्या स्वस्त डिस्कला दर काही दिवसांनी पॅड आत सरकवावे लागतात, नाहीतर लिव्हर हँडलला टेकतो. अ‍ॅल्युमिनियम रिम आणि चांगले पॅड असतील तर 58 किलोला पुरे. घेताना रिमच्या कडेवरची खाच किंवा टिंब दिसतंय का बघा. ते घासून गेलं असेल तर चाक संपलं.

पाणी_चाक_पाय
51 माझ्या मापाची आहे हे दुकानात न बसता कसं ठरवू? विकणारा कऱ्हाडचा आहे.

घाटवळण
51 हा आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. त्याच्याकडून मॉडेल आणि साल घ्या, तक्त्यात स्टॅक (पॅडलचे दांडे जिथे फिरतात त्या मध्यापासून हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उंची) आणि रीच (तेच आडवं अंतर) बघा. तुमच्या उंचीला स्टॅक 530-545, रीच 365-375 मिमीच्या आसपास हवा. दोन साईजच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. लहान फ्रेम वाढवता येते, मोठी कापता येत नाही.

सीटची उंची: अनवाणी भिंतीला टेकून, पुस्तक मांड्यांमध्ये घट्ट वर दाबून जमिनीपासून माप घ्या, गुणिले 0.883. 76 सेंमी आलं तर क्रँकच्या (पॅडलच्या दांड्याच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत 67.1. ही सुरुवात, यात 5-10 मिमी इकडेतिकडे होणारच.

लहान फ्रेमवर 700 चं (रोड बाईकचं नेहमीचं मोठं) चाक असलं की वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं. पॅडल आडवं ठेवून हँडल फिरवून पाहा. क्रँक 165 मिमी असेल तर उत्तम, एरोबारवर वाकल्यावर मांडी पोटाला कमी भिडते.

मेढा_रोड
एरोबार आत्ता घेऊ नका, पण हँडल बघून ठेवा. स्टेमजवळ 31.8 मिमी गोल हवं. चपट्या हँडलला क्लॅम्प बसत नाही, कार्बनला कंपनीची परवानगी असेल तरच.

दोन-तीन महिन्यांनी लावाल तेव्हा सीट पुढे घ्यावी लागेल, कारण रोड बाईकची सीटट्यूब (सीटखालची नळी) साधारण 73 अंशांची आणि टीटीची 76 ते 78. सीट 1 सेंमी पुढे सरकवली की ती पॅडलच्या जवळही येते, म्हणून 3 मिमी वर उचला. हे विसरल्यामुळेच गुडघा पुढून दुखतो आणि दोष एरोबारला जातो. एरोबारवर बसायचा सराव ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) किंवा रिकाम्या सरळ रस्त्यावर. गाळप हंगामात कोरेगाव रोडला उसाच्या ट्रॉल्यांमागे अजिबात नको, एरोबारवरून ब्रेक हातभर लांब असतो.

स्पॅनर
टायर 28 मिमी बसतात का हेही विचारा, जुन्या रिम ब्रेक फ्रेममध्ये कधीकधी 25 वरच अडतं. 28 ला तुमच्या वजनाला पुढे 60, मागे 65 पीएसआय. बाभळीच्या काट्यासाठी दोन ट्यूब जवळ ठेवा आणि नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून चाचपून काटा काढा, नाहीतर दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत जाते.

पाणी_चाक_पाय
विकणाऱ्याकडून डिरेलरचा फोटो मागवलाय. फ्रेमचं साल सीटट्यूबवर लिहिलेलं नाही म्हणतोय.

स्पॅनर
बॉटम ब्रॅकेटखाली (क्रँक बसतो त्या सांध्याखाली) बहुधा सिरीअल नंबर असतो, त्याचा फोटो घ्या आणि कंपनीला विचारा. चोरीची नाही ना, याचीही त्यावरून थोडीफार कल्पना येऊ शकते.