टीडीएस मीटरला शिसं दिसत नाही

कुणीतरी लिहिलंय, शाळेच्या कूलरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण) लिटरला १२० मिलिग्रॅम आला म्हणजे पाणी चांगलं. अहो, तो मीटर क्षारांचा ढोबळ अंदाज देतो. शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे (आयएस १०५००, म्हणजे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक), ती त्या आकड्यात कुठून दिसणार?

कोल्हापुरात पाणी पंचगंगेचं असो की काळम्मावाडी धरणाचं, शिसं बऱ्याचदा शेवटच्या चार फुटांत मिसळतं: पितळी तोटी, कूलरच्या नळीचा जुना डाख (जोडाला लावलेला वितळवलेला धातू). त्यामुळे नमुना सकाळी, कुणीही तोटी सोडण्याआधी घ्या. पहिलं २५० मिली एका बाटलीत, मग ३० सेकंद पाणी सोडून २५० मिली दुसरीत. पहिल्यातच जास्त आलं तर संशय तोटीवर. दोन्हीत जास्त आलं तर मागची पाइप तपासा. घोळ इथंच होतो, शिपाईमामा आधी भरपूर पाणी सोडून 'स्वच्छ' नमुना भरतात! बाटली प्रयोगशाळेचीच घ्या. नमुन्यात नायट्रिक आम्ल पडलं नाही तर शिसं बाटलीला चिकटून आकडा कमी येतो.

उकळून उपयोग नाही, पाणी आटून प्रमाण उलट वाढतं. लोह-कॅल्शियम कमी असलेल्या मुलांच्या अंगात शिसं जास्त शोषलं जातं. रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर स्रोत शोधायलाच हवा. तोवर पोषण आहाराचा भात तरी सकाळच्या पहिल्या पाण्यात शिजवू नका.