विशेष शाळेत घाला म्हणे!

खानापूरची आई: 'अशा दिव्यांग पोरांना विशेष शाळेत घाला, त्यांच्यापायी वर्गाचा खोळंबा होतो.' निवृत्त गुरुजींची ही परवाची पोस्ट वाचून डोकं फिरलं. गुरुजी, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण आहे. जवळची शाळा की विशेष शाळा, ते त्यानं निवडायचं, तुम्ही नव्हे. 1995 च्या कायद्याच्या यादीत दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, आता 21 आहेत. वाचन-लेखनाची अक्षमता त्यात आली. माझ्या लेकाला तीच आहे, आणि आम्ही कर्नाटकातले, बेळगावकडचे मराठी, म्हणून वाट्याला लिप्या तीन: देवनागरी, कन्नड, इंग्रजी! तोंडी परीक्षा घ्या, एवढंच मागितलं. शाळेवाले म्हणाले, त्याला कसं शिकवायचं त्याचा आराखडा केलाय. चार पानं, सगळी कन्नडात. 'सही करा अक्का.' केली.

निवृत्त गुरुजी: कायदा मलाही पाठ आहे ताई. पाच वर्ग, मास्तर दोन, त्यातला एक निवडणुकीच्या कामाला. बीआयईआरटी, म्हणजे अशा मुलांसाठीचे तालुक्याचे शिक्षक, येणार कधीमधी. तुमच्या लेकाची तोंडी घेईपर्यंत बाकीची खिडकीतनं उड्या मारतील.

चिक्कोडीकर: कन्नडात नाही तर काय फ्रेंचमध्ये देणार? जन्म इथं काढला, शिकायला काय झालं?

टिळकवाडी: आलास लायनीवर! लाईट बिल कन्नड, उतारा कन्नड, बसची पाटी कन्नड. भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय करावी, हे 350 अ कलम 1956 पासून घटनेत आहे. वाच जरा.

चिक्कोडीकर: झालं सुरू. जावा मग कोल्हापूरला.

टिळकवाडी: तुझ्या घरात काय बोलतात ते सांग आधी.

चिक्कोडीकर: आई मराठी, वडील कन्नड. रेशनकार्ड दाखवू?

खानापूरची आई: अहो, पोर माझं, भांडण तुमचं! कन्नड मला बोलता येतं, बाजारात भाव करते. वाचता येत नाही. शेवटी शेजारच्या कॉलेजच्या पोरीनं ती पानं वाचून दाखवली. काय होतं? 'रोज एक पान शुद्धलेखन.' ज्याला लिहिताना घाम फुटतो, त्याला! खाली 'पालकांची संमती'. वर्षभर तो माझ्या सहीनं रडत लिहीत होता.

चिक्कोडीकर: हे चूकच. पुढच्या वेळी फोटो पाठवा, मराठीत करून देतो. भाषेवरचं माझं मत तेच.

टिळकवाडी: उपकार झाले!

निवृत्त गुरुजी: बरं, तोंडी घ्यावी, मान्य. घेणार कोण? दोन वर्षं झाली मला निवृत्त होऊन, माझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही.

खानापूरची आई: मी येऊन बसते वर्गात.

निवृत्त गुरुजी: या की. बाकीच्यांचे पाढेपण घ्या मग.